न धुतलेली जाळी

नमुने टिकवायच्या स्पिरिटचा वास आला की २००५चा तो उन्हाळा आठवतो. नेदरलँड्समधल्या लायडनला मी आणि तो, आम्ही दोघं मराठी विद्यार्थी उथळ तळ्यांतल्या पाणपिसवांवर, म्हणजे पाण्यातल्या पिसवांसारख्या इवल्या जिवांवर, काम करायचो. माझं तळं हिरवं, गढूळ. मासे मोठ्या पिसवा फस्त करायचे, माझ्या वाट्याला नुसत्या बारक्या. त्याच्या नितळ तळ्यात पाणवनस्पतींच्या आडोशाला टपोऱ्या पिसवा, आणि गाईडबाईंचं सगळं कौतुक त्यालाच. जाळी मात्र दोघांत एकच. एकदा माझ्यानंतर ती घेताना त्याने विचारलं, "धुतलीस ना गं?" धुतली नव्हती; पण त्याचा नमुना बिघडावा म्हणून मी "हो" म्हणाले. आठवड्याने तो नाचतच आला, "अगं, नितळ पाण्यात तुझ्याकडची बारकी जात सापडली!" बाई खूश. ज्याची आनंदाची बातमी त्यानेच केक आणायचा या तिथल्या रीतीप्रमाणे केक त्यानेच आणला, पहिला तुकडा मला दिला. आज मी विद्यार्थ्यांना जाळी तीनदा धुवायला लावते. लाज वाटतेच; पण त्याआधी मनात येतं, ती पिसू माझी होती.