नावाला कुलूप घालणाऱ्या सायराबाई

जुन्नरात सायराबानूंना सगळे 'बाई' म्हणतात. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी टायपिंगचा क्लास काढला, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे टाइपरायटर भंगारात जाऊन क्लासात कॉम्प्युटर आले आणि बाई चाळिशीत वेबसाइट बनवायला शिकल्या. आज आसपासच्या तीसेक वेबसाइट त्या सांभाळतात. कुणाची द्राक्षबाग, कुणाचं कृषी पर्यटन, तर कुणाचं मंगल कार्यालय.

सुरुवातीला त्यांच्या हातून एक चूक झाली होती. घोडेगावच्या बायकांच्या गटाची हातसडीच्या तांदळाची वेबसाइट त्यांनी केली, पण तिच्या नावाला, म्हणजे डोमेनला, कुलूप लावायचं राहिलं. कुणीतरी ते नाव परस्पर डोमेन नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे वळवलं आणि बळकावलं. ते परत मिळालंच नाही. गटाला तांदळाच्या पिशव्या नव्याने छापाव्या लागल्या. बायकांनी दोष दिला नाही, पण बाईंना ते फार लागलं. त्यानंतर प्रत्येक डोमेन घेतलं की त्या आधी कुलूप लावत, मगच पुढच्या कामाला हात घालत. कुलूप असेपर्यंत ते नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, आणि ते उघडायचं तर बाईंच्याच खात्यातून.

गेल्या मार्गशीर्षात सकाळी अकराच्या सुमारास त्यांना एक ईमेल आला. पाठवणारा निमगाव सावाचा चिमाजी. एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी. सरकारी नोकरीच्या आशेने टायपिंग शिकला, नोकरी लागली नाही, मग त्याने रोपवाटिका टाकली आणि ती अशी चालली की नाशिक-नगरहून लोक वेबसाइट बघून टोमॅटोची रोपं मागवू लागले.

ईमेलात लिहिलं होतं, 'माननीय महोदया, आम्ही नवीन कंपनीकडे जात आहोत. कृपया डोमेनचे कुलूप त्वरित उघडावे.'

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पत्ता चिमाजीचाच होता. पण टायपिंगची परीक्षा पास झाल्यापासून या माणसाने दोन ओळी कधी लिहिल्या नव्हत्या. त्याचे निरोप यायचे ते मोबाइलवर बोलून, मागे पाण्याची मोटर चालू ठेवून. आणि 'महोदया'?

त्यांनी फोन लावला.

"चिमाजी, तू वेबसाइट दुसरीकडे हलवतोयस?"

"म्या? न्हाई बा. का, तुमी सोडताय व्हय आमाला?"

"मग मला मेल कुणी केला?"

"मेल तर म्या चार दिवसांत उघडलाबी न्हाई. तवा एक लिंक आली व्हती, म्हणाले खातं बंद पडंल, पासवर्ड टाका. टाकला."

चिमाजीची मेलची पेटी चोराच्या हातात होती. डोमेन चिमाजीच्या नावावर नोंदलेलं, त्यामुळे ते हलवायला लागणारा कोडही त्याच पेटीत येणार होता. मध्ये उभं होतं ते फक्त कुलूप.

"कशालाच हात लावू नकोस. मी येते."

दुपारच्या एसटीने त्या निमगावला पोचल्या. शेडनेटच्या सावलीत ट्रे रचून त्यावर लॅपटॉप ठेवला, चिमाजीला शेजारी बसवलं आणि त्याच्याच हातांनी पासवर्ड बदलून घेतला. परका जिथून जिथून शिरला होता, तिथून त्याला बाहेर काढलं. यापुढे पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा आकडाही टाकावा लागेल, अशी सोय केली. मग बाईंनी आपलं खातं उघडून त्याला कुलूप दाखवलं. ते होतं तसंच होतं.

"बाई, चुकून उघडलं असतं तर?" चिमाजीने विचारलं.

"तर तुझ्या रोपांची मागणी भलत्याच्या दारात गेली असती."

तो गालावर हात ठेवून बसून राहिला. "लई वंगाळ झालं असतं. धा वर्सं लागली ह्ये नाव लोकांच्या तोंडी बसायला."

त्याची मुलगी स्नेहल, बारावीनंतर रोपवाटिकेचाच हिशेब बघणारी, इतका वेळ मागे उभी होती. "बाई, मला शिकवाल हे? पप्पा कुठंबी पासवर्ड टाकत्यात."

बाई हसल्या. "बस इथं."

स्नेहलचे प्रश्न संपेनात. चहा दोनदा झाला. बाईंची एसटी चुकली, तेव्हा चिमाजीने रोपांच्या टेम्पोत पुढे जागा करून दिली. जुन्नरच्या वाटेवर गार वारा खात बाई खिडकीशी निवांत बसल्या होत्या. स्नेहलला सोमवारी क्लासवर बोलावलं होतं. तिला पहिल्या दिवशी काय शिकवायचं, याचा त्या मनात आराखडा मांडत होत्या.