वाजल्याशिवाय छापायचं नाही

मासिक काढायची हौस आमच्या दिलीपरावांना, आणि चटके माझ्या बोटांना. संसार म्हणतात तो हाच.

'रेडिओमित्र' हे यांचं मासिक, घरच्या घरी रेडिओ जुळवणाऱ्यांसाठी. १९७६ साली गिरगावात सुरू झालं, आणि आम्ही नेरूळच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा त्याने माझं जेवणाचं टेबलही गिळलं. दिवसा हे जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात मीटर तपासायचे, संध्याकाळी संपादक. यांचा एक नियम होता. प्रेसमधून आलेल्या प्रुफावरून प्रत्येक सर्किट आधी मी जुळवायचं. मी बेलापूरच्या कचेरीतली टायपिस्ट. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच मी!

"सुनीती, तुझा वाजला तर कुणाचाही वाजेल," हे म्हणायचे.

म्हणजे काय, तर छापलेला नकाशा कार्बन पेपरने तांब्याच्या पाटीवर उतरवायचा, रेषा नेलपॉलिशने गिरवायच्या, उरलेलं तांबं औषधाच्या पाण्यात विरघळवायचं आणि मग सोल्डरिंग करत बसायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजत मी हे अठरा वर्षं केलं. माझं नेलपॉलिश माझ्या नखांना कधी लागलंच नाही.

१९९४ पर्यंत घरोघर केबल आली. तयार टेपरेडिओ दुकानात मिळत असताना जुळवत कोण बसणार? जेमतेम चारशे वर्गणीदार उरले. डिसेंबरचा अंक शेवटचा, असं ठरलं. त्यात एका ट्रान्झिस्टरचा सोपा रेडिओ द्यायचा. प्रत्येकाने तो आपल्या हाताने वाजवावा आणि निरोप घ्यावा, अशी यांची इच्छा. प्रूफ आलं तेव्हा कचेरीत तपासणी, घरात पाहुणे, माझं डोकं उठलेलं.

"वाजला का गं?"

"वाजला हो, वाजला! छापा एकदाचा!"

मी पाटीला हातसुद्धा लावला नव्हता.

जानेवारीत पत्रं येऊ लागली. कुणाचाच रेडिओ वाजेना. प्रेसवाल्याने प्रुफापासूनच फिल्म उलटी लावली होती. नकाशा आरशात दिसावा तसा छापलेला, ट्रान्झिस्टरचे पाय भलतीकडे. आणि दुरुस्ती छापायला पुढचा अंकच नाही! चिपळूणच्या जोतीराम मास्तरांनी लिहिलं होतं, "पंधरा वर्षं सगळे वाजले, शेवटचाच मुका राहिला. आता हात थरथरतो, दोष माझाच असणार." ते पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे चारशे पोस्टकार्डं घेऊन बसले. प्रत्येकावर हाताने काढलेला सुलटा नकाशा, खाली 'चूक संपादकाची.' दहाव्या कार्डाला मला राहवेना.

"कसली संपादकाची? मी खोटं बोलले. जुळवलाच नव्हता मी."

यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे. त्या दिवशी तुझ्या बोटांना एकही चटका नव्हता."

"मग छापलंत कशाला?"

"मीही कंटाळलो होतो गं."

इतका राग मला यांचा कधी आला नव्हता. अठरा वर्षं माझ्या डोक्यावर नियम बसवला आणि स्वतः शेवटच्या पायरीवर हात टेकले! मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं, यांच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि ताटं सरकवून पाटी पुढ्यात घेतली.

"यातलं एकही कार्ड पेटीत टाकायचं नाही," मी म्हटलं. "आधी माझा वाजू दे."