मुकादमाने ओळीत लावलेल्या पाट्या

आमच्याकडचं सरकारी शेती कॉलेज आता एवढं मोठं झालंय, की आत गेलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट विचारावी लागते. मी तिथे शिपाई म्हणून लागलो तेव्हा कॉलेज म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, एक विहीर आणि गावाकडून घेतलेली चाळीस एकर जमीन. गावाला सगळ्याचाच संशय. शेती कधी बाकावर बसून शिकतात का? जमीन लाटायचा डाव, दुसरं काय!

त्यातली सहा एकर माझ्या दाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, वडिलांची. दाजी तिथेच मजुरांचे मुकादम झाले. मी दाजी म्हणायचो म्हणून सगळं कॉलेज त्यांना दाजी म्हणायला लागलं, प्रोफेसरसुद्धा. बहीण म्हणायची, "आता एवढ्या मेहुण्यांचे लाड कोण पुरवणार?"

दाजींना वाकडं खपायचं नाही. नांगराचा तास तिरका गेला तर त्या दिवशी घास उतरायचा नाही.

प्रोफेसरांनी सहा वर्षं खपून गव्हाचा एक नवा वाण काढला होता. त्याची इतर तीन वाणांशी तुलना करायची होती, आणि त्या तिन्हींत दाजींच्या वडिलांचं जुनं बियाणंही होतं. चार रांगा, प्रत्येकीत चार वाफे, वाफ्यापुढे वाणाच्या नंबराची पाटी. पीक निघालं आणि प्रोफेसर चक्रावले. एकाच नंबराची चार पोती, पण एक गच्च, एक निम्मं. कशाचा कशाला मेळ नाही.

मग संशयाला पाय फुटले. आधी राखणदारावर, मग कोठीवाल्यावर. तिसऱ्या दिवशी कोठीवाला हळूच म्हणाला, "साहेब, जमीन कोणाची होती ते बघा. कुंपणच शेत खातंय."

माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू? बहिणीने विचारलं, "यांनी काही केलं नसेल ना रे?" मी म्हणालो, "काय सांगावं बाई, जमिनीचा राग माणूस विसरत नाही." मागे बघतो तर दाजी दारात! तसेच पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी त्यांना खोलीत बोलावलं. मी दाराशीच होतो.

"दाजी, पाट्यांना हात कोणी लावला?"

"मीच की."

"तुम्ही? का?"

"पाहुणे बघायला येणार होते ना? पाट्या चिखलाने माखलेल्या. उपटल्या, धुतल्या. बघतो तर नंबरांचा नुसता गोंधळ. दोन, मग चार, मग एक! लोक म्हणाले असते, कॉलेजवाल्यांना चारापर्यंत मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक रांगेत विहिरीकडून एक, दोन, तीन, चार लावून टाकल्या."

प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला. "अहो, तो गोंधळ मी चिठ्ठ्या टाकून मुद्दाम केला होता! जमीन एकीकडे कसदार, एकीकडे हलकी. एकाच वाणाला सगळी चांगली जागा मिळू नये म्हणून!"

"मग तसं सांगायचं की, साहेब!"

कुठल्या वाफ्यात काय पेरलं ते प्रोफेसरांच्या वहीत होतं, आणि पोत्यांवर रांगही लिहिलेली होती. दाजींचं बोलणं खरं धरून त्यांनी पोती नव्याने लावली. मेळ चोख बसला. पण पहिला नंबर आला दाजींच्या वडिलांच्या बियाण्याचा! साहेबांचा वाण तिसरा. झालं, विझत आलेला संशय पुन्हा पेटला.

"हे तुमच्या फारच सोयीचं आहे," ते म्हणाले. "पुन्हा पेरणार. तोवर तुम्ही गोठ्यात. वाफ्यांकडे फिरकायचं नाही. पीक निघालं की ठरेल, राहायचं की जायचं."

त्या वर्षी वाफ्यांवर पाट्याच नव्हत्या. वही प्रोफेसरांच्या उशाखाली, पेरणीला मजूर परगावचे. राखणदारावर लक्ष ठेवायला दुसरा राखणदार! दाजी गोठ्यात शेण काढत. मी डबा घेऊन गेलो की म्हणत, "ठेव तिथे. आणि हात दाखव, काही पेरायला तर नाही ना आलास?"

कापणी झाली. प्रोफेसरांनी स्वतः तीनदा वजनं केली. जुनं बियाणं पुन्हा पहिलं. साहेब रागीट खरे, पण खोटे नव्हते. भर अंगणात, सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "दाजी, चुकलो. उद्यापासून वाफ्यांवर या."

सगळ्यांना वाटलं, दाजी विरघळले. छे! म्हणाले, "तोंडी नको, साहेब. लिहून द्या."

प्रोफेसर हसले आणि तिथेच लिहून दिलं: मुकादमाने सांगितलं ते खरं होतं, आणि त्यांच्या वडिलांचं बियाणं सर्वांत सरस ठरलं. कॉलेजच्या पहिल्या अहवालातही तसंच छापलं.

दाजींना आकडे यायचे, अक्षरं नाहीत. घरात चौथी शिकलेला मी एकटा. मी चष्मा पुसून हात पुढे केला. दाजींनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून वाचून घ्यायला निघाले.