मोहाच्या खोलीतून आलेला माझा आवाज

या ग्रुपवर मी आले ती निव्वळ करमणूक म्हणून, हे आधीच कबूल करते. जेवताना नवऱ्याला तुमचे अनुभव मोठ्याने वाचून दाखवायचे आणि प्रत्येकाला एखादं शास्त्रीय कारण चिकटवायचं, हा आमचा आवडता उद्योग होता. मी शिकले केमिकल इंजिनिअरिंग. नाशिकला एका वायनरीत बरीच वर्षं काम केलं. ज्याचं सॅम्पल घेता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे... आता म्हणत नाही. पण म्हणून विश्वास बसलाय असंही नाही. मधल्यामध्ये लटकले आहे, आणि म्हणूनच लिहितेय.

मी केतकी. नवरा निलेश. नोकऱ्या सोडून आम्ही दोघांनी जव्हारला छोटी डिस्टिलरी काढायचं ठरवलं – मोहाच्या फुलांची जिन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जिन म्हणजे स्वच्छ मद्यार्कात जुनिपरची फळं, लिंबाची साल, मसाले यांचा वास उतरवून केलेली दारू. बाकी सगळे हा मद्यार्क धान्यापासून करतात, आम्ही तो मोहापासून करणार होतो. सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या बायका चैत्रात फुलं वेचून वाळवतात, ती आम्ही थेट त्यांच्याकडून घेतली. लायसन्ससाठी किती फेऱ्या मारल्या ते विचारू नका.

जागा मिळाली ती जव्हारहून जामसरकडे जाताना, रस्त्यापासून थोडी आत. जुनी दगडी वखार. पूर्वी कधीतरी तिथं गवत आणि जंगलचा माल ठेवत असत म्हणे. भिंती इतक्या जाड की भर दुपारी आत थंडगार. वखारीच्या मागच्या टोकाला एक आतली खोली होती. तिला खिडकी नाही, फक्त छताजवळ जाळी बसवलेला एक झरोका. एरवी अशी खोली कुणी घेतली नसती, पण फुलं आंबवायला तापमान स्थिर लागतं, म्हणून मला ती फारच आवडली. तिथं आम्ही स्टीलच्या टाक्या बसवल्या. नवं लोखंडी दार केलं, ते बाहेर उघडायचं. उंदीर शिरू नयेत म्हणून कडी बाहेरून. आतल्या बाजूला नुसता सपाट पत्रा. आतूनही उघडता आलं पाहिजे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

फुलं आंबतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. बंद खोलीत माणूस हळूहळू गुंगतो आणि मग पडतो. म्हणून एक्झॉस्ट फॅन चालू असल्याशिवाय आणि दार सताड उघडं असल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम मीच केला होता.

दिवाळी होऊन गेली होती, नागलीची कापणी सुरू होती, त्यामुळे कामावर माणसं कमी. त्या दिवशी आम्ही चौघंच होतो. मी, निलेश, दाभोशाहून जीपने येणारी वनिता आणि धाकूकाका. वनिता फुलं निवडायची, बाटल्या धुवायची, आणि खरं सांगायचं तर सगळी वखारच सांभाळायची. धाकूकाका बोईसरचे फिटर. बॉयलरच्या कामात त्यांचे दोन्ही कान गेलेले. कानाचं मशीन होतं, पण कामात घाम येतो म्हणून ते काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. मग समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलायचे, तेही ओरडून.

जेवणाची वेळ होत आली होती. फॅन चालू, दार उघडं. मी सॅम्पल घ्यायला आत गेले. मोबाईल बाहेर टेबलावर चार्जिंगला होता. टाकीच्या तोटीखाली ग्लास धरला होता, तेवढ्यात बाहेरून वनिताचा आवाज आला,

"बरं मॅडम."

मला वाटलं, फोनवर कुणाशी तरी बोलतेय. आणि मागे दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज अगदी स्पष्ट आला.

"वनिता! अगं मी आत आहे!"

"हां मॅडम, लावली कडी," ती बाहेरून म्हणाली.

मला हसू आलं. काहीतरी घोटाळा झालाय... मी दारावर थापा मारल्या. "कडी काढ! मी आत आहे!"

थोडं थांबून वनिता म्हणाली, "नाय मॅडम, तुमी सावकाश करा. आमी जेवून घेतो."

आणि तिची पावलं दूर गेली.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे दिवसातून कितीदा तरी जाते. फॅन घरघरत थांबला. खोलीत अंधार, फक्त वर झरोक्याचा एक चौकोन. आणि इतका वेळ फॅनच्या आवाजात न जाणवलेला दुसरा आवाज सुरू झाला – टाक्यांमधून बुडबुडे फुटल्याचा. चारही बाजूंनी. तो आवाज म्हणजे काय हे मला माहीत होतं. खोली खालून भरत होती.

घाबरले, पण डोकं चालत होतं. टाक्यांवर चढायला एक लोखंडी शिडी होती, ती झरोक्याखाली ओढली आणि वर चढले. जाळीला तोंड लावलं. बाहेरची हवा लागली तेव्हा रडूच आलं. त्या जाळीतून अंगण दिसायचं. जांभळाच्या झाडाखाली तिघंही डबे उघडून बसले होते. निलेशचं तोंड माझ्याच बाजूला. मधे पळत येण्याइतकंच अंतर.

मी जीव खाऊन ओरडले, "निलेश! दार उघड! मी अडकलेय!"

निलेशने मान वर केली. सरळ झरोक्याकडे पाहिलं. आणि हसला. घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला,

"हो गं, ठेवतो तुझ्यासाठी. भाजी संपवत नाही."

पुन्हा ओरडले. आता शब्द सोडा, नुसती किंकाळी. तो वनिताकडे वळून काहीतरी बोलला, दोघं हसली. मग पुन्हा माझ्याकडे बघत म्हणाला, "बरं बाई, तू सांगशील तसं."

मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग मी एक केलं... का केलं माहीत नाही, कदाचित सवयीने, प्रयोग करतात तसं. मी तोंड बंद केलं. ओठ दातांनी धरून ठेवले. एक शब्द काढला नाही. फक्त बघत राहिले.

निलेश जेवत होता. मधेच थांबला, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशी मान कलती केली. "हो, आहे ना लक्षात," म्हणाला. पुन्हा थोडं ऐकलं. "नाही गं, उद्या बघू."

माझं तोंड मिटलेलं होतं. तो माझ्याशी बोलत होता आणि त्याला उत्तरं मिळत होती. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. खोलीत फक्त बुडबुडे.

आजवर भीती म्हणजे काहीतरी दिसणं असं मला वाटायचं. मला काहीच दिसलं नाही. माझा नवरा मात्र दिसत होता, भाकरी मोडताना, निवांत, माझ्या आवाजाला हुंकार देत. मी ओरडून काहीही उपयोग नव्हता. जितकं ओरडेन तितकं त्याला काहीतरी वेगळं, शांत, घरगुती ऐकू जाणार होतं. मला ओरडण्याचीच भीती वाटायला लागली.

जाळी पक्की होती. बोटांनी सुटेना. उरला तो दाराचा मार्ग. पण दारावर घाव घालायचा तर खाली उतरायला हवं, आणि खाली हवा नव्हती. मी जाळीशी छातीभर श्वास घेतला, रोखला, उतरले. चाचपडत एक पाना सापडला तो दारावर हाणला, जमेल तितक्या वेळा. मग धडपडत पुन्हा वर. श्वास. पुन्हा खाली. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला डोकं कुणीतरी दाबून धरल्यासारखं झालं. वर आले तेव्हा निलेश झरोक्याकडे बघून विचारत होता, "काय ठोकतेयस एवढं?" आणि लगेच, "अच्छा, अच्छा."

तेव्हा मनातून मी हरले. पुढच्या खेपेला खाली गेले तर वर येणार नाही हे कळत होतं. जाळी धरून तिथंच थांबावं, लाईट कधीतरी येईलच, असंही वाटलं. पण हातातला जोर जात होता. बेशुद्ध होऊन शिडीवरून पडले तर थेट खालच्या गॅसमध्ये. शेवटचा श्वास घेतला आणि उतरले. पाना उचलवेना, म्हणून दोन्ही हातांनी धरून, अंगाच्या भाराने दारावर आदळत राहिले.

आणि दार उघडलं.

उजेड आणि धाकूकाकांचा चेहरा. त्यांनी मला काखेत धरून फरफटत बाहेर ओढलं. "अरे, बाय मरंल की आत! दार हालतंय, दिसत नाय तुमाला?"

जेवण झाल्यावर ते नेहमीसारखे वखारीत त्या दाराला पाठ टेकून पडायला आले होते. दाराचे हादरे पाठीला लागले. उठून कडीला हात घातला तेव्हा मागून वनिता ओरडत होती, "काका, नका उघडू, मॅडमनी नको सांगलंय!" निलेशही म्हणत होता, "थांबा काका, ती म्हणतेय थांबा." काकांचं मशीन खिशात होतं. त्यांना यातलं काही ऐकू आलं नाही. माझा आवाजही नाही... म्हणजे, जो कुणाचा होता तो.

शुद्ध नीट आल्यावर मी आधी निलेशवर तुटून पडले. "मी मरत होते आणि तू हसत होतास!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "केतू, तू बोलत होतीस माझ्याशी. सगळा वेळ! म्हणालीस, इथं बरं वाटतंय, तुम्ही जेवा. ठोकण्याचं विचारलं तर म्हणालीस, टाकीचा बोल्ट बसवतेय."

"आणि कडी?" मी वनिताला विचारलं.

ती रडत होती. "तुमीच सांगलांत ना मॅडम. माश्या येतात, दार ओढ न् कडी लाव. दोनदा सांगलांत. मी म्हटलंसुदा, आत तुमी हाव ना? तुमी म्हणलांत, असू दे."

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, या गॅसने माणूस भ्रमिष्ट होतो. तुम्ही स्वतःच ते सगळं बोलला असाल, तुम्हाला आठवत नाही. निलेशने ते ताबडतोब मान्य केलं. इतक्या घाईने की मला त्याची दया आली. त्याला ते हवं होतं. मलाही हवं आहे. पण वनिताला कडी लावायला सांगितलं तेव्हा फॅन चालू होता, दार उघडं होतं, मी ठणठणीत होते. आणि दातात ओठ धरल्याची जखम नंतर आठवडाभर दुखत होती.

वनिताच्या घरची वडीलधारी माणसं दोन दिवसांनी आली. वखारीभोवती फिरून पाहिलं, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. मी विचारलं, काय आहे इथं? त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे आजोबा म्हणाले, "आमाला काय माहीत, बाई? आमी तरी कवा या खोलीत गेलो होतो?" त्या प्रामाणिकपणाचा मला राग आला होता. त्यांनी काहीतरी नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान नाकारता तरी आलं असतं.

आम्ही काम सोडलं नाही. त्या खोलीची बाहेरची भिंत पाडली, टाक्या मोकळ्या शेडमध्ये आणल्या. जिन बाजारात आहे, बरी चालते. वनिता अजून आमच्याकडे आहे, मात्र आत कुणी असेल तर बाहेरून बोलत नाही. जवळ येऊन तोंड बघते, मग बोलते. निलेश हा विषय काढू देत नाही. मी पुष्कळ वाचलं, ध्वनीचे प्रकार, प्रतिध्वनी, सामूहिक भास. एकही कारण सगळ्याला पुरत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, चेष्टा केलीत तरी चालेल, मीही केलीच असती.

आता नाशिकच्या घरी असले, बाथरूममध्ये किंवा स्वयंपाकघरात, आणि निलेशने बाहेरून हाक मारली की मी लगेच ओ देत नाही. क्षणभर गप्प राहते. माझ्या आधी कुणी उत्तर देतंय का, ते ऐकते.