टाकी स्वच्छ आढळली

"वाचत्येस कशाला? सही कर नि जा."

शेठ आतून बोलले. ते आश्रमशाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. खुर्च्यांवरचे बाकीचे संचालक हसले. मी बाहेर पायरीवर, मांडीवर सभेची वही.

रोह्याकडच्या त्या आश्रमशाळेत माझी मुलगी राहून पाचवीत शिकत होती. आम्ही कासूकडच्या आदिवासी वाडीतली माणसं, मजुरी करणारी. संचालकांवर नजर ठेवायला पालकांची देखरेख समिती लागते, म्हणून मला घेतलं. सातवी झालेली, सही येते, एवढं त्यांना पुरे होतं. महिन्याला निरोप यायचा. मी खाडा करून गाडीनं जायची. शिपाई वही आणायचा, बोटानं जागा दाखवायचा. झाली बैठक. दोन वर्षं हेच. खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. आमच्यातल्या कुणाला सहीसाठी बोलावणं आलं होतं कधी?

मग मुलीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. घरी आणली तर म्हणते, "आये, टाकीच्या पाण्याला घाण वास येतो गो."

म्हणून त्या दिवशी वही उघडून वाचली. "समितीने पिण्याच्या पाण्याच्या टाकीची पाहणी केली. टाकी स्वच्छ आढळली." खाली माझी गेल्या महिन्याची सही. त्याच्या मागच्या महिन्यातही तेच. टाकी कुठल्या बाजूला आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. पान उलटलं, तर या महिन्याची आणि पुढच्या महिन्याचीसुद्धा पाहणी लिहून तयार. तेव्हाही टाकी स्वच्छच आढळली होती. सहीची जागा तेवढी कोरी.

राग आला तो आधी स्वतःचाच. लेक अंथरुणावर होती आणि पाणी चांगलं असल्याचं मीच लिहून दिलं होतं.

उठून आत गेले. "शेठ, टाकी बघायची हाय."

"ओढ्याचं पाणी पिणारी माणसं तुम्ही. टाकीतलं तुला काय कळणार?"

"मंग सही नाय."

हसणं थांबलं. शेठ हळू आवाजात म्हणाले, "पोरीचं नाव पटावर आहे ना? विचार कर."

विचार केला. शिपायाच्या हातातलं पेन घेतलं आणि उभ्यानंच लिहिलं, "टाकी दाखवली नाही. मागच्या सह्या मी न बघता केल्या, ती माझी चूक." खाली सही केली.

मुलीचं नाव पटावरून गेलं. मलाही समितीतून काढलं. मुलगी बरी झाली, पण शाळेवाचून घरी बसली आहे. फार दमले आहे मी.

माझ्या जागी वाडीतल्याच एका बाईला घेतलंय. तिला सही येते, वाचता येत नाही. हुशार आहेत ते. उद्या तिला बोलावणं आहे. मी तिच्याबरोबर जाणार, वही तिला मोठ्यानं वाचून दाखवणार. फाटकातून हाकललं, तर फाटकाबाहेरून ओरडून सांगणार, की आधी टाकी बघ.