दूध सुटलं, मग गहूही

मी दूध सोडलं तेव्हा दहा वर्षांची होते. बहात्तरचा दुष्काळ होता. मुखेडला आमचं किराणा दुकान, मागं गोठा, गोठ्यात एकच गाय. कडबा मिळेनासा झाला तशी ती आटत गेली. जे थोडं दूध निघे ते दुकानात येणाऱ्या पाहुण्यांच्या चहात जायचं, उरलेलं मला. वासरू मात्र दावणीला उभं राहून नुसतं बघत राहायचं. एकदा मी पेला हातात धरला आणि त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी वडिलांना म्हटलं, "अप्पा, माझा वाटा त्याला द्या."

अप्पा हसले. "बरं, पाऊस पडेपर्यंत तसं करू."

पाऊस पडला, वासरू जगलं, पण मी काही परत दुधाकडं वळले नाही. दही, ताक, लोणी, तूप सगळंच सुटलं. सणावाराला आई रागवायची, मावश्या समजूत घालायच्या, नंतर सगळ्यांनी नाद सोडला. आमचं घर लिंगायत, मांस-अंड्याचा प्रश्नच नव्हता. आता अशा माणसांना वीगन म्हणतात म्हणे. तेव्हा मला नुसतं हट्टी म्हणत.

पुढं टायपिंगच्या परीक्षा दिल्या, लातूरला नोकरी लागली आणि लग्नही तिथलंच ठरलं. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता, टेबलं कमी आणि फायली जास्त होत्या, आणि चहावाला सुद्धा "आता आपण जिल्ह्याचे" अशा ऐटीत कपबशा आणायचा. त्या ऐटीचा एक भाग म्हणजे डब्यातली पोळी. माहेरी गहू सणाला यायचा, एरवी जोंधळ्याची भाकरी. इथं मात्र ऑफिसात भाकरी काढली की बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायच्या. मग मीही दोन्ही वेळा पोळीच खाऊ लागले. मधल्या वेळेला बिनदुधाच्या कोऱ्या चहाबरोबर तेलातल्या शंकरपाळ्या.

वर्षभरात माझी तब्येत उतरली. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, जुलाब व्हायचे, केस हातात यायचे. शेजारीण म्हणाली, लातूरचं पाणी मानवत नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, दृष्ट लागली. सासूबाईंना मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. त्या निलंग्याकडच्या, कर्नाटकाच्या शिवेवरच्या, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत.

"दूध न्हाई, तूप न्हाई. मंग अंगात ताकद कुठून येईल गं? मी सांगून सांगून थकले."

एका सकाळी टाइप करता करता माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी मशीनवरच डोकं टेकलं. त्या संध्याकाळी घरच्यांनी मला एका डॉक्टरीण बाईंकडं नेलं. अव्वा बरोबर आल्याच. डॉक्टर आता हिला चांगली झापणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

डॉक्टरीण बाईंनी डोळे पाहिले, नखं पाहिली, पोट दाबलं. मग मी काय काय खाते ते विचारलं. मी सांगायच्या आत अव्वाच पुढं झाल्या. "डॉक्टरीण बाई, ही दूध पीत न्हाई. दहा वर्षं झाली, थेंब न्हाई."

"बरंच आहे," बाई म्हणाल्या. "यांचं आतडं आत्ता इतकं दुखावलंय की दूध पचलंच नसतं."

अव्वांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या लेकाकडं. लग्नापासूनचा त्यांचा खटला एका वाक्यात निकालात निघाला होता.

"पोळी सुरू केल्यापासून त्रास आहे ना?" बाईंनी मला विचारलं. "मी शिकायला उत्तरेकडं होते, तिथं असे पेशंट बघितलेत. गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकट भाग असतो. काहींच्या आतड्याला तो सोसत नाही. गहू, रवा, मैदा, सातू बंद करा. महिन्याभरात फरक पडला तर समजायचं तेच कारण. मग मात्र कायमचं बंद."

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. अव्वा म्हणाल्या, "दूध तू सोडलंस. गहू डॉक्टरनं सोडवला. आता खातीस काय, वारं?"

मला रडू यायला हवं होतं, पण हसूच फुटलं. माझं पाहून हेही हसायला लागले. अव्वा मात्र दाराशी उतरेपर्यंत फुगून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डब्यात भाकरी, करडईच्या तेलात कालवलेली जवसाची चटणी आणि कांदा. डबा उघडला तशी शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय हो, घरी दुष्काळ पडला की काय?" मी म्हटलं, "औषध आहे. घेऊन बघा." तिनं चतकोर मोडून घेतली. दुसऱ्या दिवशी परत घेतली. त्या आठवड्याच्या शेवटी तिच्या स्वतःच्याच डब्यात भाकरी होती आणि माझ्या चटणीकडं ऑफिसातले दोन कारकूनही बघू लागले होते.

अवघड होतं ते सवयीचं. दुसऱ्याच्या घरी हात आपोआप शिऱ्याच्या बशीकडं जायचा. लग्नात पंगतीला बसले की वाढपी पुरी घेऊन उभा, मी नको म्हणायची. मग तूप, नको. बासुंदी, नको. मठ्ठा, नको. "मग ताई, ताट तरी कशाला घेतलं?" असं एकानं विचारलं होतं. मी भात, बिनतुपाचं वरण आणि वांग्याची भाजी असं दोनदा वाढून घेतलं, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

पहिले काही दिवस बरं वाटलं आणि मग पोट पुन्हा बिघडलं. भाकरी सोडून काही खात नव्हते. मी डोकं खाजवत बसले. रविवारी दळण घेऊन गिरणीत गेले तेव्हा उलगडा झाला. माझ्या पुढच्या बाईचे गहू दळून होत होते. तिचा डबा उचलला आणि गिरणीवाल्यानं त्याच चक्कीत माझा जोंधळा ओतला. पिठाची पहिली धार पडली ती गव्हाच्या पिठाची. म्हणजे रोज थोडी पोळी मी भाकरीतून खातच होते.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, गिरणीवाल्याला सांगून बघू. तो तरी बिचारा काय करणार? सकाळी उठून अव्वांनी लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि "निलंग्याला जाऊन येते" म्हणून निघाल्या. मला वाटलं, रागावून भावाकडं चालल्या.

दोन दिवसांनी स्टँडवरून एक हमाल दारात आला. त्याच्या डोक्यावर पोत्यात गुंडाळलेलं जातं होतं आणि मागून घामानं भिजलेल्या अव्वा. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सगळी हकिकत सांगितली. कंडक्टर जातं एसटीत चढवू देईना. "मावशी, हा धोंडा घिऊन कुठं चाललाव? लगेज लागंल."

"धोंडा न्हाई, सुनेचं औषध हाय," अव्वा त्याला म्हणाल्या. सगळी बस हसली. मागच्या सीटवरच्या दोघांनी उठून जातं आत ओढलं आणि लातूरपर्यंत त्यावर पाय ठेवून बसले.

"आधी म्या धुतलं हां, चांगलं घासून," अव्वा म्हणाल्या. "भावजयीला विचारलं, ह्याच्यात गहू दळला होता का. ती म्हणती, जात्यात आता कोण दळून राहिलंय? कोंबड्या बसत होत्या त्याच्यावर."

त्या दिवसापासून पहाटे आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, खुंट्याला दोघींचा हात. पहिल्या आठवड्यात माझे खांदे भरून आले. अव्वा ओव्या म्हणायच्या, मला येत नव्हत्या म्हणून मी नुसती गुणगुणायची. गप्पा मात्र पुष्कळ झाल्या. त्यांच्या लग्नात त्यांना फक्त कानडी येत होती आणि सासरी ती कुणालाच येत नव्हती, हे मला जात्यावरच कळलं. वर्षभर त्या म्हणे खुणा करून मीठ मागायच्या. पोट पुन्हा बिघडलं नाही. महिनाभरानं डॉक्टरीण बाईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, "हेच चालू ठेवा."

मग आली येळवस. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं. आम्ही निलंग्याला अव्वांच्या भावाच्या शेतात गेलो. त्या साली पाऊस कमीच झाला होता, जोंधळा जेमतेम कमरेला लागत होता, पण कडब्याची खोप करून पूजा मांडलेली होती आणि माणसांचा उत्साह काही कमी नव्हता. मी मनाची तयारी करून गेले होते, इथंही नको-नकोचा पाढा म्हणायचा.

पानं वाढली आणि मी बघतच राहिले. बाजरीचे वाफवलेले उंडे. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे घालून बेसनात शिजवलेली भज्जी. भात. शेंगदाण्याची चटणी. सगळं मला चालणारं. गव्हाची खीर तेवढी नको. आणि आंबील, कारण तिच्यात ताक.

मी आंबिलीला नको म्हणायला हात आडवा धरला, तेवढ्यात अव्वा दुसरंच एक लहान मडकं घेऊन आल्या. "हे तुझं. बिनताकाचं हाय. पीठ दोन दिवस भिजवून आंबवलंय, लसूण-जिरं घातलंय."

त्यांची भावजय म्हणाली, "ताकाबिगर कुठं आंबील असती का वन्सं?"

"पिऊन बघ आन् मंग बोल."

भावजयीनं वाटीभर घेतली. मग तिच्या सुनेनं घेतली. मग यांच्या मामांनी लांबूनच ओरडून मागितली. माझ्या वाट्याला जेमतेम दीड वाटी उरली आणि अव्वा सगळ्यांवर खेकसायला लागल्या, "अगं तिला ठिवा की! तुमास्नी ताकाची हाय ना ती!" तेवढ्यात एका मामेजावेनं कौतुकानं माझ्या पानात खीर वाढायला पळी पुढं केली. अव्वांनी तिचं मनगटच धरलं. "तिला गहू चालत न्हाई. दूध बी न्हाई. मला इचारल्याबिगर तिला काही वाढायचं न्हाई." आवाजात असा काही रुबाब होता, जणू हा सगळा पथ्याचा विचार त्यांनीच प्रथम काढला.

मी उंडे किती खाल्ले ते मोजलं नाही. जेवून उठताना यांनी हात दिला, तर म्हणाले, "जड झालीस." लग्नानंतर हे असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुपारी बांधावरच्या कडुलिंबाला पोरींनी झोका बांधला. काही महिन्यांपूर्वी कचेरीचा जिना चढताना मी मध्ये थांबत होते. आता दोरी धरून फळीवर उभी राहिले आणि गुडघे वाकवून झोका चढवत नेला. खाली अव्वा कुणाला तरी बिनताकाच्या आंबिलीची रीत सांगत होत्या, आणि मधूनच वर बघून ओरडत होत्या, "हळू गं पोरी, आत्ताच जेवलीस!"