देवाच्या वाट्याची खडीसाखर

बरं वाटू लागल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो कृतघ्नपणाचाच होता. आभार मानायचे कोणाचे, देवाचे की आगबोटीचे? मधुमेहाने मी वाळून काटकी झालो होतो. रत्नागिरीच्या शाळेत गणित शिकवणारा मी, फळ्यावर एक उदाहरण मांडलं की धापा टाकत खुर्चीत बसत असे. मग आमच्या डॉक्टरांनी मुंबईहून इन्शुलिनच्या बाटल्या मागवल्या, त्या बोटीने मांडवीच्या बंदरात उतरल्या, आणि काही महिन्यांत माझ्या अंगाला पुन्हा मांस धरलं. म्हटलं, हा सगळा बोटीचा उपकार. हे मी पत्नीला बोलून दाखवलं तेव्हा ती वाती वळता वळता म्हणाली, "आणि बोट वेळेवर कोणी आणली?"

खरं तर मी स्वतःच अंथरुणावर पडल्या पडल्या पुळ्याच्या गणपतीला नवस बोललो होतो. हिंडूफिरू लागलो तर पायी येईन, दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही आणि मूठभर खडीसाखरेचा नैवेद्य दाखवीन. खडीसाखर अशासाठी, की गोडाचा मी जन्माचा हावरट आणि आता तीच मला वर्ज्य झाली होती. आजारी माणूस देवाशी बोलतानाही ऐट सोडत नाही, हे तेव्हा कळलं नाही.

डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. घाम फुटला, हात कापू लागले, डोकं विनाकारण भडकलं, की साखर तोंडात टाकायची, आणि त्यासाठी ती जवळ बाळगायची. "मास्तर, चढलेली साखर सावकाश मारते, उतरलेली तासाभरात मारते," ते म्हणाले होते. निघताना पत्नीने तेच पुन्हा सांगितलं. "अहो, उपासच करायचा तर डॉक्टरांना विचारून तरी जा. सुई टोचून उपाशी चालायचं म्हणजे काय?" मी नैवेद्याची पुडी दाखवून म्हटलं, "साखर बरोबर आहेच की." ती म्हणाली, "ती तुम्ही खाल?" मी पुडी उपरण्याच्या टोकाला बांधू लागलो.

आदल्या दिवशी बैलगाडीने आरे गावी बहिणीकडे मुक्कामाला गेलो. सकाळी सुई चुकवायची भीती वाटली, नवस मोडायची त्याहून अधिक. म्हणून रोजच्याइतकं इन्शुलिन टोचून घेतलं आणि उपाशीपोटी चालू लागलो. एवढा मोठा शहाणा मी!

वारे गाव मागे पडेपर्यंत गंमत वाटत होती. मग पुळणीच्या वाळूत पाय जड झाले. घामाने सदरा भिजला, आणि वारा तर गार होता. हात कापू लागले. काय होतंय ते मला कळत होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पुडी उपरण्याच्या टोकाला बांधलेली होती, हातभर अंतरावर. पण ती देवाची. देवाच्या आधी नैवेद्य उष्टा कसा करायचा? मी मनाशी पाढे म्हणून पाहिले, तर साती आठी किती ते आठवेना. जन्मभर ज्या आकड्यांवर भाकरी खाल्ली, ते मला सोडून चालले होते. मी सुरूच्या बुंध्याशी बसलो की पडलो, कोण जाणे. दोन माणसं शेजारून गेली. "सकाळीच चढवलीन वाटतं," त्यांतला एक हसून म्हणाला.

मग एक बाई आली. खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचून चालली होती, डोईवर टोपली, कासोटा भिजलेला. तिने विचारलं, "काय झाला ओ?" मी तिला शिव्या दिल्या. आजवर वर्गातल्या सर्वांत द्वाड पोरालाही दिल्या नसतील अशा. ती हलली नाही. टोपली उतरवून समोर बसली आणि म्हणाली, "पिलेला मानूस हसतो नायतर रडतो. भुकेला आदी रागावतो. मी भुकेनं मेलेला मानूस बगितलाय." मग तिला पुडी दिसली. "ही काय हाय?"

"नैवेद्य. देवाचा आहे, हात लावू नकोस!"

"आसं बसलाव तर देवळात नाय, देवाकडंच जाल. तोंड उघडा."

मी तोंड घट्ट मिटलं. तिने माझं नाक दाबलं, जसं मुलाला एरंडेल पाजताना दाबतात. ज्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात कधी कोणी प्यायलं नव्हतं, त्या तिसऱ्यांचा वास येणाऱ्या हाताने तिने एकामागून एक खडे माझ्या दातांत घातले. ती गोडी मी कशी सांगू? आधी जिभेला काहीच कळलं नाही. मग एकदम समुद्राचा आवाज ऐकू आला, आणि पाठोपाठ साती आठी छप्पन्न. मी रडू लागलो. तिने आपल्या लोट्यातली पेज मला पाजली. तीही मी प्यायलो, सगळी.

भानावर आल्यावर लाज वाटली. म्हटलं, "माझा नवस मोडला. आता कोणत्या तोंडाने जाऊ?" पुडी पुन्हा उपरण्याला बांधून देत ती म्हणाली, "ह्याच तोंडानं जावा. देव काय मास्तर हाय, छडी मारायला?" मी काय काम करतो हे तिला मी सांगितलं नव्हतं.

पुळ्याला पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. रिकामा कागद तरी पायाशी ठेवावा म्हणून मी गाभाऱ्यासमोर पुडी सोडली. आत बोराएवढा एक खडा होता. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला भरवताना त्या बाईने देवाचा वाटा बाजूला काढून ठेवला होता. मी पोटात अन्न असताना, उष्ट्या तोंडाने, तो खडा देवापुढे ठेवला. आयुष्यात माझ्याकडून एवढा निर्मळ नैवेद्य दुसरा झाला नाही.

माझी पत्नी म्हणते, तो गणपतीच होता. असेल. पण ती बाई वारे गावात राहते, तिचे गुडघे दुखतात, आणि परतताना मी पाया पडलो तेव्हा "नाकाचा राग नाय ना आला?" असं विचारून खूप हसली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायला मला तरी अडचण दिसत नाही. देवाला काय देईन याचाच हिशेब मी करत बसलो होतो. तो भरवायला आला तर घ्यावं कसं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता सुई टोचल्यावर मी वेळेवर जेवतो. तरी कधी घाम फुटतो, बोट कापतं, मी हिच्यावर उगाच खेकसतो. ती वाद घालत नाही. देवघरातल्या वाटीतला खडा उचलून आणते आणि म्हणते, "घ्या, देवाचा आहे." आणि मी मुकाट्याने तोंड उघडतो.